पिंगला उत्तर कोण देतंय? एआरपी टेबल वाचायची रीत

"मॅडम, प्रिंटर पिंग होतोय, पण प्रिंट येत नाही."

सांगली, तासगाव, विटा या पट्ट्यातल्या काही पतसंस्था, दवाखाने आणि शाळांची नेटवर्कं मी सांभाळते. माझ्या फोनवर हे वाक्य इतक्यांदा येतं की आता पुढचं ऐकायच्या आधीच मी विचारते, "उत्तर कोण देतंय ते बघितलं का?" पलीकडे शांतता. पिंगला उत्तर आलं म्हणजे ते प्रिंटरनंच दिलं, असं सगळे धरून चालतात.

पिंग म्हणजे एखाद्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, मारलेली हाक. ते फक्त एवढंच सांगतं की त्या आयपीवर कुणीतरी जागं आहे. ते कोण, हे एआरपी टेबल सांगतं. ते प्रत्येक कॉम्प्युटरवर असतं, बघायला पैसे लागत नाहीत, सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. तरीही लोक आधी राउटर बंद-चालू करतात, मग विंडोज नव्यानं टाकतात आणि शेवटी मला बोलावतात.

कमांड मी इथे फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडे वापरा. मुद्दाम "मोठा" म्हटलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. कमांडपुढच्या डॅशच्या आधी जागा, नंतर नाही. शब्दाच्या किंवा आकड्यांच्या मधल्या डॅशला मात्र कुठेच जागा नाही.

टेबलात काय असतं

लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कवर, एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे डेटा जातो तो मॅक अ‍ॅड्रेसवर. आयपी आपण दिलेला असतो, उद्या बदलता येतो. मॅक मशीनमधल्या नेटवर्क कार्डाबरोबर कारखान्यातून येतो: ४८ बिट, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. तुमच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५० कडे काही पाठवायचं असेल तर तो आधी सगळ्या लॅनला विचारतो, "१९२.१६८.१.५० कुणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो. दर पाकिटाला हेच विचारत बसायला नको म्हणून ते उत्तर काही वेळ लिहून ठेवलं जातं. ती यादी म्हणजे एआरपी टेबल.

डेव्हिड प्लमर यांनी ही पद्धत नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली. उत्तर देणारा खरं बोलतोय का, हे तपासायची सोय तिच्यात नाही. "मीच" म्हणून जो सांगेल त्याचं नाव यादीत चढतं. दोघांनी सांगितलं तरी यादीत जागा एकालाच, आणि आपल्या डोक्याला ताप होतो तो इथूनच.

टेबल वाचण्याआधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, इथे फक्त आपल्याच लॅनवरची मशीन दिसतात. इंटरनेटवरचा कुठलाही सर्व्हर इथे शोधू नका. तिकडचं सगळं राउटरच्या मॅकवर जातं, त्यामुळे दिसेल तो राउटर. दोन, ज्यांच्याशी अलीकडे बोलणं झालंय तेच दिसतात. टेबलात नाही म्हणजे मशीन बंद आहे, असं नव्हे.

विंडोजवर बघायचं कसं

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि लिहा:

एआरपी -ए

तीन रकाने येतात: आयपी, मॅक आणि प्रकार. प्रकारात डायनॅमिक म्हणजे विचारून मिळालेलं, स्टॅटिक म्हणजे कायम बसवलेलं. सर्वांत वर इंटरफेस म्हणून तुमचा स्वतःचा आयपी असतो. केबल आणि वायफाय दोन्ही चालू असतील तर दोन वेगळ्या याद्या येतात. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर तिसरीही येते, आणि फोनवरचा माणूस हमखास त्या तिसरीतलंच वाचून दाखवतो. म्हणून आधी इंटरफेसची ओळ वाचून घ्या.

खाली २२४ किंवा २३९ नं सुरू होणाऱ्या काही ओळी दिसतील, त्यांचा मॅक ०१-००-५ई नं सुरू होतो. शेवट २५५ असलेल्या पत्त्यापुढे सगळे एफएफ असतात. मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्टच्या, म्हणजे अनेकांना किंवा सगळ्यांना एकदम हाक मारायच्या, या नेहमीच्या ओळी आहेत, प्रकारात स्टॅटिक लिहिलेल्या. एका शाळेतल्या सरांनी "हॅकर घुसलाय" म्हणून याच ओळींचा फोटो रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तर त्या सोडून द्या.

एकाच पत्त्याचं हवं असेल तर:

एआरपी -ए १९२.१६८.१.५०

आणि मॅक माहीत आहे, आयपी शोधायचाय, तर:

एआरपी -ए | फाइंडएसटीआर /आय ०४-डी९

फोनवर मी पूर्ण मॅक कधीच वाचायला लावत नाही. शेवटच्या दोन जोड्या सांगा म्हणते, छोट्या ऑफिसात तेवढ्यावर ओळख पटते. बी आणि डी ऐकताना घोटाळा होतो, म्हणून "बी बारामतीचा की डी दौंडचा?" हे विचारायचंच.

यादीत सगळी मशीन यावीत असं वाटत असेल तर आधी सगळ्यांना एकदा हाक मारावी लागते. त्यासाठी ही ओळ:

फॉर /एल %आय इन (१,१,२५४) डू पिंग -एन १ -डब्ल्यू २०० १९२.१६८.१.%आय

थोडा वेळ खिडकीत ओळी धावतील, त्या वाचू नका. थांबलं की लगेच एआरपी -ए. आता जी यादी येईल ती त्या ऑफिसची खरी हजेरी. हीच ओळ बॅच फाइलमध्ये टाकायची असेल तर टक्क्याचं चिन्ह दोन्हीकडे दोनदा लिहावं लागतं.

यातली खरी गंमत अशी, की काही मशीन पिंगला उत्तर देत नाहीत, कारण त्यांचा फायरवॉल अडवतो. पण एआरपीला उत्तर दिल्याशिवाय त्यांना लॅनवर राहताच येत नाही. म्हणजे पिंग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणालं आणि टेबलात मात्र मॅक आला, तर मशीन चालू आहे, केबल ठीक आहे, फक्त तोंड बंद आहे. उलट साध्या पिंगमध्ये "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं आणि ते सांगणारा आयपी तुमचाच असला, तर एआरपीलाच उत्तर मिळालेलं नाही. मग केबल, स्विच, वीज बघायची. फायरवॉलमध्ये डोकं घालायचं नाही. या एका फरकावर माझ्या कितीतरी फेऱ्या वाचल्या आहेत.

एक पत्ता, दोन दावेदार

आता प्रिंटरकडे येऊ. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. प्रिंटरला फिक्स आयपी १९२.१६८.१.५०. कॅशियरच्या टेबलावरून प्रिंट बिनबोभाट जाते, मॅनेजरच्या केबिनमधून जात नाही. कधी दुपारनंतर हेच उलटं होतं. ड्रायव्हर दोन्हीकडे एकच. पिंग दोन्हीकडून चालतं.

मी दोघांनाही एकाच वेळी कमांड मारायला लावली. कॅशियरताईंनी वाचलं, "शून्य चार, डी नऊ." मॅनेजरसाहेबांनी वाचलं, "सात ई, अकरा." आयपी एक, मॅक दोन. निदान झालं, मी अजून सांगलीतच होते.

अशा वेळी दोन्ही मशीनवर बघणं महत्त्वाचं. एकाच कॉम्प्युटरवरून बघितलं तर एकच मॅक दिसणार आणि सगळं सुरळीत वाटणार. प्रश्न विचारला की दोघंही उत्तर देतात, ज्याचं नाव यादीत बसलं त्याच्याकडे प्रिंट जाते. नोंद जुनी झाली की लिनक्स तरी आधी त्याच मॅकला थेट विचारतो, "अजून आहेस ना?" तो "आहे" म्हणाला की नोंद तशीच पुढे चालते. म्हणून एकदा चुकीचा मॅक बसला की तो तासन्‌तास टिकून राहू शकतो, आणि मशीन बंद-चालू केल्यावर नशिबानं दुसरा बसतो. लोकांना वाटतं रीस्टार्टनं दुरुस्त झालं.

आणि "आयपी कॉन्फ्लिक्ट" असा इशारा का आला नाही? तो इशारा देतो तो ज्याच्या आयपीवर दुसऱ्यानं हक्क सांगितलाय तो कॉम्प्युटर. इथे भांडणारे दोघं होते प्रिंटर आणि दुसरं काहीतरी. त्यांच्यापुढे स्क्रीनवर बसलेलं कुणी नसतं. बाकीच्या कॉम्प्युटरांना यातलं काहीच कळत नाही.

दुसरा दावेदार शोधायची माझी पद्धत साधी आहे. प्रिंटरची नेटवर्क केबल काढायला लावायची. मग टेबलातली ती एक नोंद पुसायची. त्यासाठी काळी खिडकी "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" करून उघडावी लागते. बघायला अधिकार लागत नाहीत, पुसायला लागतात. तसं न उघडता केलंत तर "रिक्वायर्स एलिव्हेशन" असं काहीसं येऊन कमांड फसते.

एआरपी -डी १९२.१६८.१.५०

मग पुन्हा पिंग. प्रिंटरची केबल हातात असताना .५० वरून उत्तर येत असेल, तर तेच दुसरं मशीन. आता एआरपी -ए केलं की त्याचा मॅक निर्विवाद दिसतो. तो कागदावर लिहून घ्या.

मॅकच्या पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात, त्या आयईईई ही संस्था वाटते. नेटवर त्यांची यादी मिळते. काही मला पाठ झाल्या आहेत: ००-५०-५६ आणि ००-०सी-२९ व्हीएमवेअरच्या, ०८-००-२७ व्हर्च्युअलबॉक्सची, बी८-२७-ईबी रास्पबेरी पायची. पतसंस्थेतल्या त्या मॅकनं कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव दाखवलं. आठवडाभरापूर्वी कॅमेरेवाले येऊन गेले होते, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा नवा डीव्हीआर लावला होता आणि त्याला ५० हा गोल आकडा ठोकून दिला होता. कुणाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

कंपनीवरून ओळख पटली नाही, तर ती पिंग चालू ठेवा: पिंग -टी १९२.१६८.१.५०. मग स्विचवरच्या केबली एकेक करून काढा. ज्या केबलीला उत्तर थांबेल तिच्या दुसऱ्या टोकाला चोर. हे काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करा, काउंटरवर रांग असताना नको. स्विच मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून त्याची माहिती बघता येणारा, असेल तर हा व्याप लागत नाही, त्याच्या मॅक टेबलात सरळ पोर्ट नंबर दिसतो.

मोबाइल किंवा नवा लॅपटॉप असेल तर कंपनीची यादी उपयोगी पडेलच असं नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला बनावट मॅक दाखवतात. ओळखायची खूण: पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो मॅक कारखान्यातला नव्हे, सॉफ्टवेअरनं दिलेला.

दुरुस्ती मग दोन मिनिटांची. डीव्हीआरला दुसरा आयपी दिला, प्रिंटरची केबल परत लावली आणि दोन्ही कॉम्प्युटरांवरची जुनी नोंद पुसली. सगळं टेबल एकदम पुसायचं असेल तर:

एआरपी -डी *

किंवा

नेटएसएच इंटरफेस आयपी डिलीट एआरपीकॅश

पुसायच्या कमांडबद्दल मला एक सांगायचंच आहे. नेटवर कुठेही विचारा, पहिला सल्ला मिळतो "एआरपी कॅश क्लिअर करा". पुसल्यानं बिघडत काही नाही, टेबल क्षणात पुन्हा भरतं. पण पुसण्याआधी वाचलं नाही, तर पुरावा गेला. दोन दावेदार असताना पुसलं तर निम्म्या वेळा योग्य मॅक बसतो, प्रिंट निघते, सगळे खूश, आणि दोन दिवसांनी तोच फोन. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी स्क्रीनचा फोटो काढायला लावते, मगच -डी.

लिनक्सवर

इथे जुनी एआरपी कमांड बऱ्याच ठिकाणी आता बसवलेलीच नसते. तिच्या जागी:

आयपी एन

एन हे नेबर या शब्दाचं लघुरूप आहे, एवढ्यावर भागतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी अवस्था लिहिलेली असते आणि विंडोजपेक्षा मला हे आवडतं ते यासाठीच. रीचेबल म्हणजे आत्ताच खात्री झालेली. स्टेल म्हणजे नोंद आहे, पण अलीकडे तपासलेली नाही. नव्या माणसाला हा शब्द बघून घाम फुटतो, पण निवांत नेटवर्कात निम्म्याहून जास्त ओळी स्टेलच असतात. डिले आणि प्रोब या तपासणी चालू असतानाच्या मधल्या पायऱ्या. इनकम्प्लीट म्हणजे विचारलंय, उत्तर यायचंय. फेल्ड म्हणजे उत्तर आलंच नाही, आणि काळजी करायची ती याची. पर्मनंट म्हणजे हातानं बसवलेली.

एक नोंद काढायला:

सुडो आयपी एन डेल १९२.१६८.१.५० डेव्ह ईएनपी३एस०

डेव्हच्या पुढे तुमच्या कार्डाचं नाव, ते आयपी एनच्याच ओळीत दिसतं. त्या कार्डावरच्या सगळ्या नोंदी उडवायला:

सुडो आयपी एन फ्लश डेव्ह ईएनपी३एस०

लिनक्सवर आणखी एक हत्यार आहे, आणि त्याच्याचसाठी मी एक जुना लॅपटॉप पिशवीत ठेवते. एआरपिंग. पिंगसारखंच, पण थेट एआरपीचा प्रश्न विचारणारं, त्यामुळे फायरवॉल त्याला अडवत नाही.

सुडो एआरपिंग -बी -सी ५ -आय ईएनपी३एस० १९२.१६८.१.५०

यातला आय मोठा, बाकी लहान. -सी ५ म्हणजे पाच वेळा विचार. -बी विसरू नका. तो नसेल तर पहिलं उत्तर आल्यावर एआरपिंग पुढचे प्रश्न फक्त त्याच मॅकला विचारतं, आणि दुसरा दावेदार पुढे दिसत नाही. -बी दिलं की प्रत्येक प्रश्न सगळ्यांना जातो. दोन मशीन असतील तर एका प्रश्नाला दोन उत्तरं येतात, वेगवेगळ्या मॅकची. दोन कॉम्प्युटरांवर दोन माणसं बसवून तुलना करायची गरजच उरत नाही.

नवा फिक्स आयपी देण्याआधी तो मोकळा आहे का, हे बघायलाही हेच. उत्तर शून्य आलं तर द्या. मात्र त्या वेळी बंद असलेलं मशीन दिसणार नाही, म्हणून संध्याकाळी सातला ऑफिस बंद झाल्यावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही.

होस्टेल किंवा मोठ्या कॉलेजात लिनक्सचा राउटर असेल आणि लॉगमध्ये "नेबर टेबल ओव्हरफ्लो" असं काही दिसलं, तर टेबल भरलंय. मूळ मर्यादा १०२४ नोंदींची असते, ती सिसकंट्रोलमधून जीसी_थ्रेश३ (मध्ये अंडरस्कोर) हा आकडा वाढवून वर नेता येते. ऑफिसांना याची वेळ येत नाही.

अ‍ॅपल, सिस्को आणि पॉवरशेल, थोडक्यात

अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडून एआरपी -एएन. सगळं पुसायला सुडो एआरपी -डी -ए. एक खोच आहे: इथे जोडीतला पुढचा शून्य गाळून लिहितात. म्हणजे विंडोजवर ००-०सी-२९ दिसतं ते इथे ०:सी:२९ असं दिसेल. ताडून बघताना दोन वेगळे मॅक समजू नका. सिस्को या राउटर-स्विच बनवणाऱ्या कंपनीवाले चार-चार अक्षरांचे तीन गट करून मध्ये टिंब देतात, मॅक तोच.

सिस्कोच्या राउटरवर शो आयपी एआरपी. तिथली नोंद एरवी ४ तास टिकते, आणि स्विचच्या मॅक टेबलातली ५ मिनिटं. ही दोन वेगळी टेबलं आहेत: पहिलं आयपीवरून मॅक सांगतं, दुसरं (शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल) मॅकवरून पोर्ट. सर्व्हर बदलला, आयपी तोच ठेवला आणि बाकीच्या शाखांतून तो दिसत नाही, तर राउटरला अजून जुना मॅक आठवतोय का ते बघा. असेल तर क्लिअर एआरपी-कॅश.

विंडोजवरच लिनक्ससारख्या अवस्था बघायच्या असतील तर पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड खिडकीत गेट-नेटनेबर लिहा. स्पेलिंग अमेरिकी आहे, यू नाही. यात आयपीव्ही६ ची, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीची, यादीही येते, जी एआरपी -ए मध्ये कधीच येत नाही. आयपीव्ही६ मध्ये एआरपी वापरतच नाहीत, त्याची पद्धत वेगळी. हल्ली फायबरच्या राउटरांवर आयपीव्ही६ चालू असतं. त्यामुळे "एआरपी टेबलात नाही, तरी चालतंय कसं" असा प्रश्न पडला तर इकडे बघायचं.

कायमची नोंद

एआरपी -एस १९२.१६८.१.१, पुढे जागा सोडून राउटरचा मॅक, असं दिलं की ती नोंद स्टॅटिक होते. मशीन रीस्टार्ट झालं की जाते. नेटएसएचमधून (नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ अ‍ॅड नेबर्स, मग कार्डाचं नाव, आयपी, मॅक) बसवली तर रीस्टार्टनंतरही राहते. लिनक्सवर आयपी एन रिप्लेस, आयपी, एलएलएडीडीआर, मॅक, डेव्ह, कार्ड, एनयूडी पर्मनंट.

माझं मत विचाराल तर हे करू नका. फायदा आहे, राउटरच्या नावानं कुणी खोटं उत्तर दिलं तरी तुमचं मशीन फसत नाही. पण वीज कडाडून राउटर जळतो, नवा येतो, मॅक बदलतो, आणि ज्या मशीनवर कुणीतरी कायमची नोंद करून ठेवली आहे तेवढंच एक बंद पडतं. नोंद करणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. राउटर बदलल्यावर सगळ्यांचं नेट चालू आणि एकाचंच बंद, अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी राउटरच्या ओळीपुढे स्टॅटिक लिहिलंय का, तेच विचारते.

याउलटही होतं. राउटर बदलला आणि सगळ्यांचंच नेट बंद. मग लोक प्रत्येक मशीनवर टेबल पुसत बसतात. आपल्याकडचे बरेच केबलवाले ग्राहकाच्या राउटरचा मॅक त्यांच्या बाजूला बांधून ठेवतात. ते टेबल त्यांच्याकडे आहे, तुम्ही इथे कितीही पुसा. त्यांना फोन करून नवा मॅक द्या, नाहीतर राउटरच्या पानावर मॅक क्लोनमध्ये जुना टाका.

राउटर आणि दुसऱ्या कुणाचा मॅक एकच दिसला तर

इथे थांबून विचार करायचा. खोटं एआरपी उत्तर देऊन राउटरच्या नावावरची सगळी वाहतूक स्वतःकडे वळवणं हा जुना हल्ला आहे आणि टेबलात तो असाच दिसतो: १९२.१६८.१.१ आणि समजा १९२.१६८.१.३४, दोघांपुढे एकच मॅक. पण लगेच पोलिसात जाऊ नका. वायफाय रिपीटर लावला असेल तर त्याच्या मागची सगळी मशीन बऱ्याचदा रिपीटरच्याच मॅकनं दिसतात. काही राउटरांना दोन आयपी दिलेले असतात. म्हणून राउटरच्या बुडाखालचा स्टिकर वाचा. टेबलातला मॅक त्याच्याशी जुळला तर बहुतेक काळजी नाही. लॅनच्या बाजूचा मॅक स्टिकरवरच्यापेक्षा शेवटच्या एका-दोन आकड्यांनी वेगळा असू शकतो. पूर्ण वेगळ्याच कंपनीचा निघाला, तर .३४ चं मशीन शोधून त्याची केबल काढा, टेबल पुसा, पुन्हा बघा.

हे पडताळायला जुनी नोंद हाताशी लागते, म्हणून प्रत्येक ऑफिसात मी पहिल्याच दिवशी, सगळं नीट चालू असताना, ती सगळ्यांना हाक मारणारी पिंगची ओळ चालवते आणि यादी फाइलमध्ये टाकून ठेवते:

एआरपी -ए > डी:\नेटवर्क\२०२५-०६-१२.टीएक्सटी

फोल्डर आधी करून ठेवा, कमांड तो करून देत नाही. मग त्याच यादीचा प्रिंट काढून प्रत्येक मॅकपुढे पेननं मशीनचं नाव लिहिते: कॅश काउंटर, थंब मशीन, मॅनेजर, प्रिंटर. एक प्रत स्विचच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग तारीख, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात.